सगळंच आण, मग बघू

या गोष्टीतली कंपनी निफाड तालुक्यात शोधायला जाऊ नये, सापडणार नाही. तिच्यासारख्या मात्र सापडतील. आसपासच्या बागायतदारांनी मिळून काढलेली, पिंपळगाव बसवंतच्या रस्त्याला स्वतःचं पॅकहाउस असलेली, जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत वर्षभराची धावपळ उरकणारी. युरोपात द्राक्ष पाठवायचं तर प्रत्येक बागेची वेगळी नोंद लागते. शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेने 2006 साली ग्रेपनेट ही नोंदप्रणाली सुरू केली, तेव्हापासून पेटीवरच्या क्रमांकावरून मागे मागे जात माल कुठल्या शेतकऱ्याच्या कुठल्या बागेतला ते काढता येतं. बागेतला नमुना प्रयोगशाळेत जातो आणि औषधांचे अंश मर्यादेत असल्याचा अहवाल आला तरच कात्री लागते. त्यामुळे कंपनीकडे प्रत्येक बागेची भरगच्च माहिती होती. गट नंबर, क्षेत्र, वाण, फवारण्या, शेतकऱ्याचा पत्ता, आधार क्रमांक, बँकेचं खातं, असे चाळीसच्या आसपास रकाने.

ही माहिती सांभाळणारं सॉफ्टवेअर गौरीने लिहिलं. नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका छोट्या ऑफिसात ती नोकरी करायची. पोरगी हुशार, हाताला वेग, आणि वेग असणाऱ्यांना असते ती सवयही तिला होती. जे पुढे ठरवता येईल ते आज ठरवायचं नाही. तिच्या प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे बागांची माहिती लागायची तिथे एकच ओळ होती. सिलेक्ट स्टार फ्रॉम बागा. म्हणजे बागांच्या तक्त्यात असतील नसतील ते सगळे रकाने आण. गेटवर गाडी आली की दिसणाऱ्या यादीमागे हीच ओळ, पेट्यांची लेबलं छापणाऱ्या प्रोग्रॅममागेही हीच.

तिला दोष देण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. ऑक्टोबरात, गोडी छाटण्या चालू असताना, ती पॅकहाउसचे मॅनेजर भाऊसाहेब यांना विचारायला गेली होती, की गेटवरच्या माणसाला नेमकं काय काय दिसायला हवं? भाऊसाहेब मजुरांच्या टोळ्यांच्या हिशोबात गुंतले होते. मान वर न करता म्हणाले, "सगळंच येऊ द्या ना ताई. काय लागंल ते बघू तवा." मागणाऱ्याला ठरवायला वेळ नव्हता आणि देणारीला न ठरवणं सोयीचं होतं. बहुतेक स्टार असेच जन्माला येतात.

खरं तर अशा ओळी ज्या भाषेत लिहितात ती निघाली उलट्या हेतूने. आयबीएमचे एडगर कॉड यांनी 1970 साली माहिती तक्त्यांत ठेवायची कल्पना मांडली आणि 1974 साली डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा पुढे आणली. तिचं मोठेपण असं, की माहिती कशी शोधायची हे तुम्ही सांगायचं नाही. कुठून जायचं, आधी काय उघडायचं, ते यंत्र बघून घेईल. तुम्ही फक्त काय हवं तेवढं सांगा. स्टार लिहिणारा तेवढंही सांगत नाही.

दिवाळीत चाचणी झाली. वीस नमुना बागा, गौरीचा लॅपटॉप, ऑफिसचं वायफाय. यादी डोळ्याचं पातं लवायच्या आत आली. ऑफिसातल्या सरांनी पाठ थोपटली.

जानेवारीत थंडी पडली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा खाली गेला की निफाडकडे सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष जातं. बागायतदाराला मात्र त्या आकड्यात तडकलेले मणी दिसतात. रात्री बागेत शेकोट्या पेटल्या, पहाटे पाणी सोडलं गेलं, आणि त्यातून वाचलेला माल मकरसंक्रांतीनंतर गेटवर यायला लागला. एव्हाना तक्त्यात दोन नवे रकाने आले होते. एकात प्रयोगशाळेच्या अहवालाचं स्कॅन, दुसऱ्यात बागेचा फोटो. फाइली बाहेर ठेवून तक्त्यात नुसता पत्ता ठेवायला हवा होता, पण तो वेगळा विषय. मुद्दा असा, की दोन्ही मिळून एका बागेमागे साधारण तीन एमबी.

अशाच एका दिवशी चाळीस बागांचा माल यायचा होता. गेटवरच्या पोऱ्याने मोबाइलवर यादी उघडली. त्याला बागेचा क्रमांक, शेतकरी, गाव, गोडी म्हणजे ब्रिक्स, आणि काढणीला परवानगी आहे की नाही, एवढंच बघायचं होतं. एवढंच मागितलं असतं तर सगळी यादी आठ-दहा केबीत मावली असती. मोबाइलकडे निघाले मात्र सव्वाशेच्या घरातले एमबी. नेटवर्क निफाडचं. पडद्यावर गोल फिरत राहिला. पाच मिनिटं, सात मिनिटं. पोऱ्याने वैतागून पुन्हा दाबलं, तेव्हा ते सगळं पुन्हा पहिल्यापासून निघालं.

बाहेर पिकअपची रांग लागली. द्राक्ष खुडल्यापासून थंडाव्यात जाईपर्यंत जितका वेळ जातो तितका देठ सुकतो आणि देठ तपकिरी झाला की युरोपचा माणूस मणी चाखूनही बघत नाही. शेतकऱ्यांनी क्रेटवर ओली पोती टाकली. भाऊसाहेबांनी अर्धा तास वाट पाहिली, मग कपाटातून गेल्या वर्षीचं रजिस्टर काढलं आणि पेनाने नोंदी सुरू केल्या. दुपारी त्यांचा फोन आला. "ताई, तुमच्या कॉम्प्युटरला नमस्कार. आमचं रजिस्टर बरंय."

सरांनी सांगितलं, सर्व्हर मोठा घ्या. घेतला. महिन्याचं भाडं दुपटीच्या वर गेलं, यादी जेमतेम काही सेकंदांनी सुधारली. अडलेलं सर्व्हरवर नव्हतंच, ते वाटेवर होतं. आपल्याकडे अशा वेळी मोठं यंत्र विकत घेण्याचा मोह कुणालाच आवरत नाही, कारण यंत्र घेताना कुणाला काही कबूल करावं लागत नाही. रकान्यागणिक साठवणाऱ्या काही सेवा, उदाहरणार्थ गूगलची बिगक्वेरी, या बाबतीत जास्त प्रामाणिक आहेत. त्या जेवढे रकाने वाचले तेवढ्याचे पैसे लावतात. शेवटी ओळी दहाच दाखवा असं म्हटलं तरी साध्या तक्त्यावर स्टारचं बिल सगळ्या रकान्यांचं येतं. गौरीला तसं बिल पहिल्याच आठवड्यात आलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

त्या रविवारी ती पंचवटीत आजोळी गेली. आजोबांना घरात सगळे अण्णा म्हणतात. रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय. वाड्यातल्या मधल्या खोलीत भिंतभर लाकडी कपाटं आणि त्यांत बासनांत बांधलेल्या नामावळ्या. पिढ्यान्‌पिढ्या जो जो यजमान अस्थी घेऊन, श्राद्धाला किंवा नुसता गंगेवर स्नानाला आला त्याचा लेख. नाव, बापाचं नाव, आजा, पणजा, भाऊ, मुलं, गाव, बरोबर कोण होतं, कधी आला. जुनी पानं मोडीत, नंतरची देवनागरीत. 2027 च्या सिंहस्थाआधी वह्यांचं काहीतरी करू या, असं अण्णांनीच फोनवर म्हटलं होतं. गौरी जाताना स्कॅनर घेऊन गेली. सगळी पानं स्कॅन करायची, सगळं एका ठिकाणी, एका बटणावर सगळं पडद्यावर, असा तिचा बेत होता.

पोचली तर ओसरीवर माणसं बसलेली. खानदेशातलं कुटुंब, वडिलांच्या अस्थी घेऊन आलेलं. थोरल्या मुलाने हात जोडले. "गुरुजी, आमच्या घराण्याची सगळी माहिती काढा."

"गाव?"

"जळगाव."

"तुम्ही राहता ते नव्हे हो. मूळ गाव."

मुलगा गडबडला. मागे बसलेल्या म्हाताऱ्या चुलत्याने तापीकाठच्या एका खेड्याचं नाव सांगितलं. अण्णांनी आडनाव विचारलं, आजोबांचं नाव विचारलं. मग कपाटाकडे न जाता चौरंगावरची एक बारीक वही ओढली. तिच्यात गाव, आडनाव, बाडाचा क्रमांक आणि पान यांखेरीज काही नव्हतं. बोट फिरलं, थांबलं. मग त्यांनी उठून एकच बासन सोडलं, पान उघडलं, आणि वाचायच्या आधी डाव्या हाताचा पंजा पानाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवला.

आजोबांच्या वडिलांनी केलेली सही निघाली तेव्हा थोरला रडला. धाकट्याने मोबाइल काढला. "पानाचा फोटो घेतो, गुरुजी."

"घ्या की. तुमच्या लेखापुरता घ्या." अण्णांनी खालच्या भागावर एक कोरा कागद सरकवला.

"राहू द्या ना सगळं. क्रॉप करतो मी नंतर."

"नंतर कशाला? आत्ताच होतंय."

पुढे संकल्पाला बसताना त्यांनी त्या लेखातूनही मोजकंच घेतलं. गोत्र. पिता, पितामह, प्रपितामह. आईकडच्या तीन पिढ्या. लेखात पाच चुलते होते, त्यांची मुलं होती, बैलगाडीने आल्याचा उल्लेख होता. त्यातलं काही उच्चारलं नाही. पिंडांना जी नावं लागतात ती लागतात. ती कुठली, हे यजमानाच्या हौसेवर ठेवलेलं नाही, विधीने आधीच नेमून दिलेलं आहे.

ती मंडळी उठत असताना त्यांच्यातल्या एका सुनेने दबकत विचारलं, तिच्या माहेरचं कुणी कधी इथे आलं होतं का? अण्णांनी बारीक वही पुन्हा पाहिली. "आलेत. दोनदा. दोन वेगळ्या बाडांत आहेत." तिला तेवढंच हवं होतं. कपाट उघडलंच नाही.

गौरी बघत राहिली. इंडेक्समध्येच उत्तर असेल तर डेटाबेस मूळ तक्त्याला हात लावत नाही, हे तिने इंटरव्ह्यूसाठी पाठ केलं होतं. सगळे रकाने मागितले की ही सवलत जवळपास नेहमीच हातची जाते, कारण इंडेक्समध्ये सगळे रकाने कधी नसतात. मग एकेका ओळीसाठी कपाट उघडणं आलं. तिच्या बागांच्या तक्त्यावर चांगले चार इंडेक्स होते आणि यादीसाठी त्यांतला एकही एकट्याने पुरा पडत नव्हता.

माणसं गेल्यावर तिने विचारलं, "अण्णा, खालचं का झाकलंत? कुणाला मोडी वाचता येत होती?"

"ते पान देवनागरीत आहे." अण्णा बासनाची गाठ मारत होते. "खाली दुसऱ्या घराचा लेख. त्यात दत्तकाचं नाव आहे. त्यांच्या घरात अजून कोर्टकज्जे चालू आहेत त्यावरून. माझ्या आजोबांना त्या माणसाने विश्वासाने सांगितलं म्हणून त्यांनी लिहून घेतलं. शेजारच्या लेखवाल्याला वाचायला म्हणून नव्हे."

"पण पान तर तुम्हाला पूर्णच उघडावं लागलं."

"मग? पान फाडून उघडू?"

इथे ती हसली, पण तिचा प्रश्न बरोबर होता. डेटाबेसही ओळी पानांत ठेवतो. पोस्टग्रेसचं पान 8 केबीचं, मायएसक्यूएलच्या इनोडीबीचं 16 केबीचं. एक रकाना मागा की पंधरा मागा, ते पान मेमरीत अख्खंच येतं. म्हणून कमी रकाने मागितले की डिस्कवरचं काम त्याच प्रमाणात घटतं, असं जे ठोकून सांगितलं जातं ते अर्धवट आहे. फरक पडतो तो पुढे. पानातून काय उचलून ओसरीवर न्यायचं, तिथे. शिवाय स्कॅनसारख्या जड गोष्टी त्या पानात मावतच नाहीत. त्या वेगळ्या कोठीत असतात आणि मागितल्या तरच कोठी उघडावी लागते. गौरीची यादी दर वेळी चाळीस बागांसाठी कोठीची कुलपं काढत होती.

"आणि कधीच सगळं वाचत नाही तुम्ही?"

"वाचतो की. पावसाळा संपला की वह्यांना ऊन देतो ना, तेव्हा. एकटा असतो, घाई नसते. कुठे काय आहे ते कळतं, कसर कुठे लागली ते दिसतं." मग त्यांनी स्कॅनरकडे पाहिलं. "हे काय आणलंयस?"

"सगळ्या वह्या स्कॅन करू. मग लोकांना घरबसल्या..."

"अगं बाई, सगळं कुणी मागितलंय तुझ्याकडे? ही सूचीची वही तेवढी घे. हिचीच पानं सुटायला लागलीत."

सोमवारी गौरी पॅकहाउसला गेली आणि लॅपटॉप न उघडता दुपारपर्यंत गेटवर उभी राहिली. भाऊसाहेब गाडी आल्यावर काय बघतात, काय विचारतात, कशावरून गाडी आत सोडतात. मग त्यांना घेऊन बसली. एकेक रकान्याचं नाव वाचायची आणि विचारायची, हा गेटवर लागतो? भाऊसाहेब आधी म्हणाले असू द्या, हेही असू द्या. बारा-तेराव्या रकान्यानंतर त्यांना कंटाळा आला आणि कंटाळ्यानंतर माणूस खरं बोलतो. "नाय हो. ते हापिसात बघत्यात. मला फक्त हे पाच द्या." ठरवायला अर्धा दिवस गेला, लिहायला दहा मिनिटं लागली. स्टार पुसून तिथे पाच नावं आली. यादी उघडली तेव्हा पोऱ्याला वाटलं बटण लागलंच नाही, म्हणून त्याने पुन्हा दाबलं.

बोधकथा इथे संपवायची सोय होती. पण गौरीने गेटची ओळ बदलली आणि बाकीच्या तशाच ठेवल्या. लेबलांचा प्रोग्रॅम बरा चालला होता, सीझन ऐन भरात होता, आणि सर म्हणाले होते, चालत्या गाडीला हात लावू नकोस. धंद्यात हा सल्ला दहांत नऊ वेळा बरोबर असतो.

त्या प्रोग्रॅमचं दुसरंही एक काम होतं. बागेवर शेवटची फवारणी कधी झाली ती तारीख तो घ्यायचा, त्या औषधाचा पीएचआय, म्हणजे फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस, त्यात मिळवायचा, आणि मुदत उलटली असेल तर बागेसमोर हिरवा ठिपका दाखवायचा. हिरवा ठिपका आला की टोळी बागेत शिरणार. तारीख तो कशी घ्यायचा? सगळे रकाने मागवून त्यांतला अकरावा. नावाने नाही, क्रमाने.

फेब्रुवारीत ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने तक्त्यात नवा रकाना घातला. गोडी छाटणीची तारीख. मागणी रास्त होती, उत्पादनाचा अंदाज काढायला ती लागते. त्याने तो शेवटी न घालता वाणाच्या शेजारी घातला, कारण तिथे तो शोभत होता. फवारणीची तारीख अकराव्यावरून बाराव्या जागी सरकली आणि अकराव्या जागी छाटणीची तारीख येऊन बसली.

काहीही बंद पडलं नाही. कुठे लाल अक्षरं उमटली नाहीत. तारखेच्या जागी शेतकऱ्याचं नाव आलं असतं तर प्रोग्रॅम कोसळला असता आणि सगळे वाचले असते. पण तारखेच्या जागी तारीखच आली, फक्त ऑक्टोबरातली. प्रोग्रॅमच्या हिशोबाने आता एकाही बागेवर ऑक्टोबरनंतर औषध पडलेलं नव्हतं. सकाळी सात वाजता सगळ्या बागा हिरव्या.

उगावच्या तात्यांच्या बागेत टोळी पोचली तेव्हा तात्या बांधावर तंबाखू मळत होते. मुकादमाने मोबाइल दाखवला. तात्यांनी चष्मा वर केला, ठिपका पाहिला, आणि टोळीला पाणी पाजून खाली बसवलं. मग भाऊसाहेबांना फोन लावला.

"परवा दिशी फवारलंय मी. पंधरा दिस थांबायचंय. हिरवा कसा काय दिला तुमी?"

"कॉम्प्युटरनं दिलाय, तात्या."

"फवारताना कॉम्प्युटर व्हता का इथं? पंप माझ्या पाठीवर व्हता."

तात्यांच्या या हट्टामागे 2010 साल होतं. त्या वर्षी भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, शेतकरी ज्याला सीसीसी म्हणतात त्याचे, अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि पोचलेला माल तिकडे बंदरांत अडकला. नाशिकच्या कित्येक बागायतदारांचं वर्ष त्यात गेलं. तात्या त्यांतले एक. त्यानंतर ते फवारणीची तारीख विहिरीवरच्या मोटारघराच्या भिंतीवर कोळशाने लिहितात आणि काढणीच्या दिवशी आधी भिंत बघतात.

गौरी तासाभरात पोचली. सकाळपासून मुदतीआधीच हिरव्या झालेल्या दोन बागांचा माल खुडून, पेट्यांत भरून, प्री-कूलिंगमध्ये गेला होता. लेबलांवरचे क्रमांक शाबूत होते, त्यामुळे त्या पेट्या वेचून बाजूला काढता आल्या. कंटेनर अजून भरायचा होता. तो भरून जेएनपीटी बंदराच्या वाटेला लागला असता तर पुढचं लिहायला मला वेगळा सूर लावावा लागला असता.

ऑफिसात सर सहकाऱ्यावर घसरले. रकाना मध्ये का घातलास? पोरगा रडकुंडीला आला. गौरी म्हणाली, "सर, रकाना कुठेही घातला तरी चालायला हवं होतं. तक्ते वाढणारच. मी नाव घेऊन तारीख मागितली असती तर त्याने तो पहिला घातला असता तरी काही बिघडलं नसतं. आणि उद्या कुणी तो रकानाच काढून टाकला तर तेव्हाच्या तेव्हा ओरड व्हायला हवी, असं काही सापडत नाही म्हणून."

सरांना ते आवडलं नाही, पण पटलं असावं, कारण पुढचे चार दिवस त्यांनी तिला दुसरं काम दिलं नाही.

त्या चार दिवसांत तिने प्रत्येक स्टार उकरून काढला. एकेका ठिकाणी थांबून विचारायची, इथे बसलेल्या माणसाला काय लागतं? ज्याला विचारायला हवं त्याला फोन करायची. एका जागी हात थांबला. गाड्यांच्या ड्रायव्हरना बागेचा पत्ता दाखवणारा पडदा. दिसायचा पत्ताच, पण मागून येताना ओळीबरोबर आधार क्रमांक आणि बँकेचं खातंही येत होतं आणि प्रत्येक ड्रायव्हरच्या फोनमध्ये साठून राहत होतं. पडद्यावर नाही म्हणजे फोनमध्ये नाही, असं तिने धरलं होतं. ती ओळ तिने जेवायला न उठता बदलली आणि जुनं साठलेलं पुसणारी सुधारित आवृत्ती त्याच संध्याकाळी सगळ्या फोनांवर ढकलली.

सगळे स्टार काढले असंही नाही. किती बागा आहेत हे मोजायला काउंट स्टार लागतो. तो ओळी मोजतो, रकाने वाहून आणत नाही, त्याच्याशी वैर धरण्यात अर्थ नाही. आणि स्वतःच्या खिडकीत, नव्या तक्त्यात काय आहे ते बघायला, दहा ओळींची मर्यादा घालून ती अजूनही बिनदिक्कत स्टार लिहिते. अण्णांच्या सूचीचं कामही तिने एका रविवारी असंच सुरू केलं. आधी सगळी वही चाळली, मग पाच रकाने ठरवले. अण्णांनी त्यांतला एक खोडला. यजमानाचा फोन नंबर तिने आपल्या मनाने घातला होता.

एप्रिलात, खरड छाटण्या चालू असताना, परदेशी खरेदीदाराच्या मुंबईतल्या ऑफिसातून मेल आला. पुढच्या हंगामासाठी सर्व नोंदणीकृत शेतकऱ्यांची संपूर्ण माहिती एक्सेलमध्ये पाठवावी. भाऊसाहेबांनी तो गौरीकडे पाठवला आणि वर फोन केला. "देऊन टाका ताई. मोठी पार्टी हाय."

"भाऊसाहेब, त्यांना विचारा, कशाकशासाठी हवीय. म्हणजे तेवढी देते."

"इचारलं तर राग येईल त्यान्ला."

"2023 चा डेटा संरक्षण कायदा आहे, असं सांगा. ज्या कामासाठी शेतकऱ्याने संमती दिली त्याला लागेल तेवढीच माहिती त्या संमतीत बसते. खात्याचे नंबर कंपनीला पैसे जमा करायला दिलेत लोकांनी, मुंबईला नाही."

भाऊसाहेबांनी विचारलं. तिकडून आठवडाभर काही आलं नाही. मग तिथल्या एका मुलीचा फोन आला, थेट गौरीला. आवाज तिच्याच वयाचा. तिच्या साहेबांनी सगळं मागवायला सांगितलं होतं, त्यांना त्यांच्या साहेबांनी, आणि आता त्यातलं काय लागतं ते कुणालाच सांगता येईना. तुम्हीच एखादी यादी सुचवता का?

"मी सुचवत नाही," गौरी म्हणाली, "पण मी विचारते, तुम्ही उत्तरं द्या." आणि तिने रकान्यांची नावं एकामागून एक वाचायला सुरुवात केली. तेराव्या नावाला पलीकडून जांभई ऐकू आली. शेवटी सहा ठरले. बागेचा क्रमांक, तालुका, वाण, क्षेत्र, छाटणीची तारीख आणि पाण्याचा स्रोत.

पाण्याचा स्रोत कंपनीच्या तक्त्यात नव्हताच. तो कुणी आजवर मागितला नव्हता. भाऊसाहेबांनी दुसऱ्या दिवसापासून शेतकऱ्यांना फोन लावायला घेतले. विहीर, बोअर, की पालखेडचा कालवा.